तांब्याची परतफेड

१० नोव्हेंबर, रविवार
आमूचं लग्न झालं. विहारात, सकाळच्या वेळात. भन्तेजींनी त्रिशरण म्हटलं, जावयानं एकेक शब्द मागून बरोबर म्हटला. पाली त्याला तिकडं जपानात लहानपणी कानावर पडलेली असेल का? विचारायचं राहिलं. त्याचे आईवडील पहिल्या रांगेत पाठ ताठ करून बसले होते, शेवटपर्यंत.
दादा आला, माझा थोरला भाऊ. आई गेल्यापासून, चार वर्षांत, माझ्या दाराची पायरी त्यानं चढली नव्हती. आजही घरी नाही आला, विहारातच आला. मागे खांबाला टेकून बसला. जेवला. आमूच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवलं, डोक्यावर हात ठेवला. जाताना माझ्याकडं न बघता "येतो" म्हणाला.
एक शब्द. तोच घेऊन झोपतो.

१२ नोव्हें., मंगळवार
व्याही-विहीणबाई काल विमानानं गेले. केंजीचं, म्हणजे जावयाचं, तिकडं लाकडी सामानाचं छोटं दुकान आहे, ते आता वडील बघतील, म्हणून तो महिनाभर थांबू शकला. आमूची नि त्याची ओळख अजिंठ्याची. ही जपानी शिकून पर्यटकांना लेणी दाखवायची. सौ. तेव्हा म्हणायची, ही भाषा शिकून पोट भरंल का. आता म्हणते, पोटाचं जाऊ दे, पोरगीच गेली.
आज आहेर उघडले. डिनर सेट, साड्या, भिंतीवरची तीन घड्याळं. दादाच्या फडक्यात आईचा पितळी तांब्या निघाला.
आईनं पहिल्या मजुरीत घेतलेला. बुडाजवळ ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव. त्याच्या खाली ताजं टोचलेलं: चि. सौ. कां. आम्रपाली हीस, मोठ्या पप्पांकडून. वैजापूरला भांड्याच्या दुकानात जाऊन टोचून आणलं असणार. केंजी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत होता. आमूनं वाचून दाखवलं. मग त्यानं हळूच काहीतरी विचारलं. मी म्हणालो, काय म्हणतो?
"पप्पा, तो विचारतोय याची किंमत किती असंल."
सौ. तोंडाला पदर लावून आत गेली. मला त्या क्षणी राग आला, खरं लिहितो. पण पोराचा चेहरा अगदी साधा होता.

१४ नोव्हें., गुरुवार
किंमत विचारण्याचं कारण आज कळलं. त्यांच्यात लग्नात ज्यानं ज्यानं काही दिलं, त्या प्रत्येकाला नवराबायकोनं उलट भेट पाठवायची. साधारण निम्म्या मोलाची. आणि महिन्याच्या आत. उशीर केला तर माणसं म्हणतात, यांना आपली कदर नाही. शब्द आहे 'उचीइवाई'. सौ.ला तीन वेळा म्हणायला लावला, तिन्ही वेळा वेगळा आला.
आमू म्हणाली, सासूबाईंनी रात्री फोनवर तेच विचारलं, काय ठरवलं म्हणून.
मला रीत आवडली. घेतलं की लगेच मान तुकवायची. पण सौ. म्हणाली, आपल्यात आहेर असा फेडत नाहीत. त्यांच्या घरी कार्य निघंल तेव्हा आपण न्यायचं. मी म्हणालो, गावातल्यांचं मग बघू, इथल्या ओळखीच्यांना देऊ. दादाचं मी बघतो, ते माझ्यावर ठेवा.
ड्युटी दुसरी पाळी. चितेगावपर्यंत बसमध्ये हाच विचार. दान देताना परत काही येईल असा विचार मनात आणू नये, असं आपण ऐकत आलो. आणि घेणाऱ्यानं काय करावं? ते कुणी फारसं सांगितलं नाही.

१६ नोव्हें., शनिवार
कंपनीत स्टोअरमधल्या शिंद्यांना बोललो. ते म्हणाले, साहेब, वाळूजला माझा मेहुणा चाकूचे सेट करतो, सहाचा बॉक्स, घाऊक भावात देतो, झकास दिसतात. मी खुशीत घरी येऊन सांगितलं. आमूनं केंजीला सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. चाकू-कात्री चालत नाही. नातं कापलं जातं.
रुमाल? नाही, निरोपाचा असतो. चहा? तो मयताच्या घरून येतो. सौ. म्हणाली, अरे मग काय चालतं ते सांगा, काय चालत नाही ते समजलं.
जे वापरून संपतं ते चालतं. साबण, टॉवेल, साखर, मिठाई. आनंद घरात साठून जड होऊ नये म्हणे.
सौ.नं घड्याळांकडं बघितलं.

१७ नोव्हें., रविवार
चौघंही गुलमंडीला. टॉवेलच्या दुकानात म्हातारे चाचा. केंजी प्रत्येक टॉवेल गालाला लावून बघायचा. चाचांना गंमत वाटली. म्हणाले, "मियाँ, मुँह पोंछने का है, निकाह नहीं करने का." आमूनं उल्था करून सांगितलं, तेव्हा केंजी जो हसला, तो पहिल्यांदा हसताना दिसला. चाचांनी चहा पाजला. कशासाठी घेता म्हणून विचारलं. सांगितल्यावर टॉवेलाची घडी घालत म्हणाले, "अच्छा है. पर जल्दी का अच्छा है क्या, पता नहीं."
टॉवेल, साबण, बेकरीतली नानखटाई. असं ठरलं.
येताना केंजी हिमरूच्या दुकानापुढं थांबला. तपकिरी शाल, काठाला बारीक वेल. बराच वेळ हातात धरून होता. घेतली. कुणासाठी ते बोलला नाही. मी समजलो, त्याच्या वडिलांसाठी.

२१ नोव्हें., गुरुवार
घरभर पांढरा कागद. केंजी स्वतः बांधतोय. नखानं घडी दाबतो, लाकूड घासावं तशी. वरून लाल-पांढरी दोरी. ती गाठ अशी मारतो की ओढली तर सुटत नाही, अजून घट्ट बसते. मी ओढून बघितली. आमू म्हणाली, लग्नाला हीच गाठ. बाळ झालं तर सुटणारी मारतात, ते पुन्हा पुन्हा व्हावं म्हणून. लग्न एकदाच.
गाठीखाली दोघांची नावं. आमूनं मराठीत, त्यानं त्याच्या अक्षरात.
सकाळी वंदनेला तोही बसला. त्याचं म्हणणं वेगळं, माझं वेगळं, बसणं तेच.

२६ नोव्हें., मंगळवार
पैठणहून अक्काचा फोन. माझी थोरली बहीण, तिला लपवून बोलता येत नाही.
"काय रं, आमचं लगेच माघारी? माझ्या नातीच्या लग्नाला यायचं नाय का तुला?"
मी म्हणालो, अक्का, ती त्यांची रीत आहे. म्हणाली, त्यांची आसंल, तुझी कुठली? साबण चांगला हाय पण. फोन ठेवून दिला.
मी आमूला विचारलं, अक्काला कसं गेलं? गावातल्यांना थांबायचं ठरलं होतं. तेव्हा कळलं. केंजीनं पाकिटं बांधून सगळीच पाठवली, महिना उलटू नये म्हणून. मोठ्यांना ताटकळत ठेवणं त्याला बरं वाटेना. म्हणून सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्या माणसाला. दादाला. वैजापूरच्या एस.टी.त पार्सल टाकून. शाल त्याच्यासाठी होती.
"तू बघतो म्हणालास पप्पा, पण बघितलं नाहीस ना," आमू म्हणाली. खरं आहे. कसं जावं ते ठरत नव्हतं.

२८ नोव्हें., गुरुवार
वहिनीचा फोन, हळू आवाजात. दादा बाहेर असेल.
पार्सल आलं. दादानं पुढचं-मागचं बघितलं. उघडलं नाही. बाबासाहेबांच्या नि बुद्धाच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलं. काल जेवताना म्हणाला:
"तवाबी थांबला नाय. आताबी थांबला नाय."
वहिनी म्हणाली, भाऊजी, मी तुम्हाला सांगितलं असं म्हणू नका.
आई इथंच गेली, माझ्या घरी, हर्सूलला. दादा निघाला होता. वाटेत गाडी बंद पडली. आम्ही संध्याकाळपर्यंत ठेवलं. मग सगळे म्हणाले, आता नको. तो पोचला तेव्हा राख निवायला लागली होती. त्यानंतर बोलणं नाही.
आणि तांब्या देऊन त्यानं दार जरा किलकिलं केलं होतं. ते आतून लावून घेतल्यासारखं झालं.
केंजीला आमूनं सगळं सांगितलं. जेवला नाही. मी म्हणालो, त्याला सांग, चूक त्याची नाही. आमू म्हणाली, सांगितलं. तो म्हणतो चूक कुणाची ते नंतर, आधी जायचं.

१ डिसें., रविवार
गावी जाऊन आलो. मी, आमू, केंजी. सौ. म्हणाली मी आले तर मी भांडंन, म्हणून ती नाही.
दादा अंगणात खाटेवर. केंजी दारातच वाकला. कमरेतून, तसाच राहिला. शेजारची दोन-चार माणसं जमली. दादा कासावीस.
"उठ म्हणावं त्याला. लोक बघायलेत."
आमू म्हणाली, मोठे पप्पा, तुम्ही बसा म्हणाल्याशिवाय तो उठणार नाही.
"बस म्हणावं मग. पाठ मोडंल."
वहिनीनं चहा केला. आमूनं रीत समजावली. दादा ऐकत होता, माझ्याकडं न बघता. मग तिलाच म्हणाला:
"आमच्यात आहेर फेडायला लगीन लागतं, बाई. माझ्या घरात लगीन निघंल तवा ये. ताट आण, वाटी आण. तवर राहू द्यायचं अंगावर. अंगावर आसलं तर माणूस येतं."
केंजीनं विचारलं, यांच्या घरी लग्न कधी आहे? दादाचा धाकटा सचिन तिथंच उभा होता, लाजून आत गेला. वहिनी म्हणाली, आधी पोरगी तर बघा म्हणावं त्याला. दादाच्या मिशीखाली काहीतरी हललं. मी बघितलं.
मग केंजी म्हणाला, पार्सल परत नेतो, लग्नाला पुन्हा आणतो. दादानं मान हलवली.
"दिलेलं माघारी न्यायचं नसतं."
म्हणजे नेऊ दिलं नाही. पण उघडलंही नाही. ते फळीवर, पांढरं, तसंच.
मी निघताना पाया पडलो. मागं सरला नाही. मी म्हणालो, दादा, त्या दिवशी... तो म्हणाला, "गाडी चुकंल तुमची."
वहिनीनं कांद्याची अर्धी गोणी सोबत दिली. बसमध्ये केंजी गोणीकडं बघत होता. आमूला विचारलं, याचं निम्मं किती? मग स्वतःच म्हणाला, नको. हे राहू दे अंगावर.
'अंगावर' हा शब्द मराठीत म्हणाला.

६ डिसें., शुक्रवार
सकाळी विहारात. मेणबत्ती लावली. केंजीही. घरी सौ. नि आमू बॅगा भरतायत. तांब्या केंजीनं टॉवेलात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवला. गालाला लावून बघितलेल्या टॉवेलांतला एक.

९ डिसें., सोमवार
गेले. सौ.नं दिवसभर कांदे निवडले. सगळे निवडून झाल्यावर पुन्हा.

१५ डिसें., पौर्णिमा, रविवार
उपवास. आमूचा फोटो आला. तिकडं खिडकीत तांब्या, त्यात पाणी नि एक डहाळी. ठिपक्यांची बाजू पुढं.
दादाला पाठवावा का? त्याच्याकडं साधा फोन. सचिनच्या फोनवर पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या. बघितलं असेल.
थंडी वाढली. शाल त्या कागदात आहे आणि दादा सकाळी उघड्या अंगणात बसतो, याचा विचार येतो.

२१ डिसें., शनिवार
पहिली पाळी. जेवायला बसलो तर वहिनीचा फोन. या वेळी आवाज मोठा, म्हणजे दादा घरात असणार.
सचिननं फोटो दाखवला म्हणे. दादानं फोन हातात घेतला. फोटो मोठा करून नावं वाचली, आईचं नि आमूचं. काल संध्याकाळी फळीवरून पार्सल काढलं. गाठ सोडायला बसला. नखानं, मग दातानं. सुटेना. वहिनीनं विळा आणून दिला. तर म्हणाला, "कापायची नाय." त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, गाठीचं. आमूनंही नाही, मी विचारलं तिला.
तसंच मांडीवर घेऊन बसला, दिवे लागेपर्यंत. परत फळीवर ठेवलं.
वहिनी म्हणाली, तुमच्यासाठी निरोप हाय. आणि मागून त्याचा आवाज, तिला सांगताना, मला ऐकू आला:
"मिल्याला म्हणावं, त्याच्या जावयाची गाठ हाय, ये सोडाय. घाई नाय म्हणावं."
मिल्या. चार वर्षांत ते नाव कुणी घेतलं नव्हतं. त्या नावानं मला हाक मारणारी दोनच माणसं, त्यातली आई गेली.
मी आमूला फोन केला. ती गाठ कशी सोडतात? तिनं केंजीला विचारलं. तो म्हणाला, सोडत नाहीत. दोरी न कापता कडेनं सरकवून काढता येते, पण दोन माणसं लागतात. एकानं धरायचं, एकानं सरकवायचं.
उद्या सुट्टी आहे. घाई नाय म्हणजे उद्याच जावं, की पुढच्या रविवारी, ते ठरत नाही. सौ.ला विचारलं. ती म्हणाली, जायचं तेव्हा जा, कात्री तेवढी नेऊ नका.