बुरुजाखालची बंद खोली

विचुंबे, रविवार संध्याकाळ

कितीदा हात धुतले, तरी नखांतला चिखल जात नाही.

आज खाडीकाठच्या किल्ल्यात बुरुजाखालच्या खोलीच्या भिंतीतला एक दगड आम्ही काढला. या खोलीचं दार पूर्वीच कधीतरी दगडांनी चिणून टाकलेलं. मी भोकातून टॉर्च मारला. चिणलेल्या दारावर आतून चुन्याचा गिलावा होता, हातांनी सारवलेला. बोटांचे ठसे स्पष्ट. आतून! म्हणजे दार बंद झालं तेव्हा माणूस आतच होता. पण हाडं नाहीत. खाली अखंड कातळ, वर धड छत.

"वरून निघाला असेल," खोदकामाचे प्रमुख देसाई सर म्हणाले. वर वाट कुठे आहे?

आमच्याबरोबर काम करणारा गावातला पांडूदादा वाकून बघत राहिला. "मॅडम, आत कोन नाय. मंग गेला कुटं?"

स्वतःला असं कोंडून कोण घेईल? ती बोटं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

फोटो, मोजमापं, सगळं बाकी होतं. पण सरांनी दगड उचलून परत बसवला. मी अडवलं नाही. उलट चिखल कालवून फटी बुजवायला मीच पुढे झाले.