नानांनी सोललेली साल

१० सप्टेंबर, बुध.
स. ७, चऱ्होली. नमुना क्र. ५. ओळखीतल्या नानांच्या अंगणातलं ख्रिसमस ट्री. सालीखालचं ओलं, अजून लाकूड न झालेलं खरवडायचं आणि लगेच द्रव नायट्रोजनच्या फ्लास्कमध्ये टाकून गोठवायचं. मऊ पेशीचं टणक लाकूड होताना तिच्यातली प्रथिनं कशी बदलतात, एवढंच शोधतेय. चार वर्षं झाली! बाबा चाकणला पाइनच्या खोक्यांना खिळे ठोकतात, मी पाइनच्याच भावकीतल्या झाडाचं बाळपण बघते.
आज नानांनी साल आधीच सोलून ठेवलेली, वर ओलं फडकं. "तुमाला सकाळी घाई असती." किती गुणी माणूस!

१५ सप्टें., सोम.
प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलवर नवी पट्टी, म्हणजे नवं प्रथिन!! जाड, ठसठशीत. आधीच्या चारही नमुन्यांत नाही. लॅबमध्ये नाचले. ३० ला पीएचडीच्या कमिटीपुढे ताठ मानेनं उभी राहणार.
पेढे नेले. गाइड मॅडमनी एक खाल्ला, मग चष्मा पुसत, "साल सोलल्यापासून फ्लास्कपर्यंत किती वेळ?"
"दोन मिनि..." आणि नानांचं ओलं फडकं आठवलं.

१६ सप्टें.
नानांना फोन. "आदल्या सांजच्यालाच सोलली की! रातभर फडकं ओलं ठेवलं. सुकली न्हाई ना?"
म्हणजे झाड बारा तास जखम निस्तरत होतं. पट्टी जखमेची असणार, लाकडाची नव्हे. कमिटीपुढे काय, फडकं दाखवू?
"माझं काय चुकलं का, पोरी?"
"नाही हो नाना. मीच विचारलं नाही." फोन ठेवला, आधी रडले, मग हसूच आवरेना. बाबा पण हसले. वाईट वाटतंय पण.

२४ सप्टें., बुध.
क्र. ६. झाडाला पुठ्ठा बांधलेला: 'मॅडमचं झाड. हात लावू नये.' मॅडम म्हणजे मी. खाली नानांचीच सही. सगळा वेळ हात पाठीमागे बांधून उभे. साल मीच सोलली, दीड मिनिटात फ्लास्कमध्ये.
"आता हाळद लावू का त्याला?"
"लावा."
इतक्या हलक्या हातानं लावली की मलाच बरं वाटलं.

२८ सप्टें., रवि.
उद्या क्र. ६ चं जेल. पट्टी नाही आली तर शोध गेला, कमिटीपुढे हात हलवत जायचं. आली तर ती जखमेची नव्हे, ऋतूबरोबर बदलणाऱ्या लाकडाचीच, आणि नानांच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं.
नानांचा आत्ताच फोन. "काय निघालं?"
"उद्या कळेल."
"मी येऊ का लॅबमदी? कशाला हात न्हाई लावनार."
या म्हटलं.