हलकी मूठ

११ मार्च, सोमवार

प्रिय ठकूस,

ताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला आमच्या एप्रनच्या खिशात सापडेल, दचकू नकोस. कारखान्याचे एप्रन धुवायला तुमच्या लॉन्ड्रीत येतात आणि इस्त्रीला तू असतेस, हे मला गेल्या आठवड्यात आमच्या ड्रायव्हरकडून कळलं. घ्या! तीन वर्षं मी तुझ्या हातचे कडक इस्त्रीचे एप्रन घालून मिरवतेय आणि मला पत्ताच नाही. घरच्या पत्त्यावर लिहिलं असतं तर आधी कोणी फोडलं असतं, ते तुला सांगायला नको.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण बोलणं अजून शाबूत आहे. दाढीच्या ब्रशचे झुबके बांधायचं काम मात्र सुटलं. बावीस वर्षं केस बांधून उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा सुपरवायझरने मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. लोक मोडका ब्रश पाठवतात, सोबत फॉर्म भरतात, आणि दोष कोणाचा ते मी ठरवायचं. काय एकेक नग असतात म्हणून सांगू! एकाने ब्रशने दाराला रंग लावला आणि म्हणतो, केस कडक झाले. एक आजोबा दर महिन्याला लिहितात की ब्रशला बोकडाचा वास येतो. गेल्या वेळी मी लिहून टाकलं, आजोबा, तो वास ब्रशचा आहे याची खात्री करून घ्या.

बरं, मुद्द्याचं. शनिवारी तुझ्या नवऱ्याची तक्रार माझ्या टेबलावर आली. मी त्याला दिलेला तो पितळी मुठीचा ब्रश. झुबका मुठीतून निघून आला, पाच वर्षांची हमी आहे, नवीन फुकट मिळावा, नाहीतर वरपर्यंत जाईन, असं सगळं. मी टेबलावर बसते हे त्याला ठाऊक नसणार. फॉर्म मात्र कसा भरलाय, पट्टीने रेघा मारून! वजनंमापं तपासणारा माणूस, नियम म्हणजे जीव की प्राण.

मी लगेच मंजूर केलं. कारणात लिहिलं, बनावटीतला दोष. नवा ब्रश मी स्वतः निवडला, स्टोअरमध्ये दोन तास खपले. जुन्या मुठीचं वजन दोनशे दहा ग्रॅम होतं. ही पोकळ प्लास्टिकची आहे, अठ्ठावीस ग्रॅम. कडा हाताने चाचपून बघितल्या, सगळीकडून गोल आहे. इतकी हलकी मूठ आमच्याकडे दुसरी नाही.

ड्रायव्हर म्हणाला, इस्त्रीवाल्या बाई चार दिवस आल्या नव्हत्या, पडल्या म्हणे. डोकं कसं आहे गं? दोन ओळी लिहून एप्रनच्या खिशात टाक.

तुझी,
ताई


१३ मार्च, बुधवार

ठकू,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘बाथरूममध्ये घसरले. ब्रश लवकर पाठव, रोज सकाळी त्यावरून होतं.’ बस, एवढंच. मी ती वाचली आणि समोरचा पेपरवेट उचलून भिंतीवर फेकला. प्लास्टरचा टवका उडाला. सुपरवायझर धावत आले, म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, घसरला.

आता खरं लिहिते. सोमवारचं पत्र म्हणजे शुद्ध पळपुटेपणा होता.

आमच्या फॉर्मवर छापलेलं असतं की वस्तू धुवू किंवा पुसू नये, आहे तशी पाठवावी. साबणाचा थर बघून आम्हाला कळतं की सरस कसा सुटला. लोक तरीही धुऊन पाठवतात. तुझ्या नवऱ्याने नियम पाळला. एका कागदात मूठ, एका कागदात झुबका, वर दोऱ्याची गाठ.

झुबका दोनच प्रकारे निघतो. सरस पातळ झाला तर तो सरळ, अख्खा बाहेर येतो आणि बुडाशी पिवळा चिकटा असतो. नाहीतर मूठ कशावर तरी आपटली, तर वरचं पितळी कडं चेपतं आणि झुबका तिरका उखडतो. हे कडं तीन जागी चेपलंय ठकू. एका जागी नाही, तीन जागी. सरस अजून दगडासारखा आहे. बुडाला माझा जांभळा दोरा आहे, प्रत्येकीचा आपापला रंग असतो ना, ती माझी गाठ, एक वेढा सुटलेला नाही. आणि कड्याच्या फटीत रक्त वाळून काळं झालंय आणि त्यात चार केस आहेत. दाढीच्या ब्रशचा केस बोटभर असतो. हे हातभर लांब आहेत. तुझी वेणी मी दहा वर्षं घातलीय, मला कोणाचे ते विचारायला लागतं का?

कानामागे लागलंय ना? ड्रायव्हरने पट्टी बघितली, उजवीकडे. तो डावखुरा नाही म्हणजे पाठीमागून मारलंन. तू वळली होतीस. पळत होतीस का गं?

आता फॉर्म ऐक, मला पाठ झालाय. वस्तू कोण वापरतं? ‘फक्त मी. घरात दुसऱ्या कोणालाही हात लावू देत नाही.’ वस्तू पडली अथवा आपटली होती का? ‘नाही. कधीही नाही.’ खाली सही, तारीख. मेल्याने बायकोचं डोकं फोडलं आणि हमीत नवा ब्रश मागितला! टपालखर्चसुद्धा मागितलाय, खाली वेगळ्या ओळीत.

त्याला शिव्या घालणं सोपं आहे. माझं काय?

तीन वर्षांपूर्वी सकाळी सातला तू माझ्या दारात उभी होतीस. ओठ फाटलेला, एका पायात चप्पल. मी चहा केला. तुला कप तोंडाला लावता येईना, मी चमच्याने पाजला. आणि मग म्हणाले, जरा जुळवून घे. दुपारी रिक्षात घालून तुला परत नेऊन सोडलं मी. रिकाम्या हाताने जायला नको, जावयाचा राग शांत व्हावा, म्हणून कारखान्यातून भेट घेतली. सगळ्यात जड मूठ निवडली. जड म्हणजे उंची माल, माझी अक्कल! झुबका स्वतः बांधला, मूठ स्वतः बसवली, कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली. त्याने ती तळहातावर तोलून बघितली आणि हसला. मीही हसले.

त्यानंतर तू माझ्याकडे आली नाहीस. मी सगळ्यांना सांगत राहिले की धाकटीला माज चढलाय.

आणि परवा मी काय केलं? दोन तास स्टोअरमध्ये बसून हलकी मूठ शोधली. म्हणजे मार, बाबा, पण हिने मार, हिने कमी लागेल! काट्यावर वजन करून, कडा चाचपून! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मारलीसुद्धा, खोटं कशाला बोलू.

सोमवारचा रिपोर्ट फाडला. नवीन लिहिला, ‘मूठ माणसाच्या डोक्यावर किमान तीन वेळा मारल्याने झुबका निघाला. बनावटीत दोष नाही.’ सुपरवायझरनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि खाली सही केली. चांगला माणूस आहे, उगाच त्यांना घुबड म्हणायचे.

शुक्रवारी अकराला ड्रायव्हरची तुमच्या भागात माल पोचवायची फेरी असते, तेव्हा मी येते. तो तेव्हा तपासणीला बाहेर असतो ना? ड्रायव्हर गाडी घेऊन खाली थांबेल. तू तुझे कागद घे, दोन कपडे घे, बाकी सगळं जाऊ दे खड्ड्यात. जुना ब्रश आणि फॉर्म मी पत्र्याच्या डब्यात सील करून बरोबर घेतेय, तिथून आपण सरळ पोलिस चौकीत जायचं. नवा ब्रशही खिशात ठेवते. तो भेटलाच, तर म्हणेन ब्रश द्यायला आले.

तू दार उघडलं नाहीस तरी मी तुला रागावणार नाही. मला तो हक्क नाही. पण मी बाहेर बसून राहीन. या वेळी परत जा म्हणणार नाही गं, मेले तरी म्हणणार नाही.

तुला एकदा परत नेऊन सोडणारी,
ताई


१९ मार्च, मंगळवार

ग्राहक महोदय यांस,

सप्रेम काही नाही, त्यामुळे नमस्कारही नाही.

विषय : दाढीच्या ब्रशबाबत आपली तक्रार.

अक्षर ओळखीचं वाटेल. सांगतेय मी, तक्रारींच्या टेबलावरची. लिहितेय आपली बायको. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, कारण आपल्याला माहीत आहे. कार्यालयाच्या नोंदीसाठी तरीही सविस्तर लिहिते, आपल्याला कागद नीट लागतो.

पहिली चूक आमची. ‘नवा ब्रश शुक्रवारी अकरा वाजता घरपोच’ असं छापील कार्ड आमच्या ऑफिसातून आपल्याला गेलं. मंजुरी रद्द झाली तरी कार्ड थांबवायचं मी विसरले. म्हणून आपण रजा टाकून घरी थांबलात. नव्या ब्रशने दाढी करायची म्हणून गरम पाण्याचा मग, साबण, आरसा, सगळं मांडून बसला होतात. दार आपण उघडलंत.

मी ब्रश पुढे केला. आपण तो हातात तोललात आणि म्हणालात, ‘ही काय खेळण्यातली मूठ? हिला वजनच नाही.’

मी विचारलं, वजन कशाला हवं? दाढीला की बायकोला?

आपण दार लोटलंत. माझा हात चौकटीत होता. पहिल्यांदा चुकून झालं असं मी मानलं असतं. पण मी ओरडले, तेव्हा आपण माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि पुन्हा लोटलंत, खांदा लावून. तीन बोटं मोडली. बावीस वर्षं त्याच बोटांनी झुबके बांधले.

तेव्हा आपल्या मागे ही उभी होती, काखेत पिशवी घेऊन. हिने दाढीच्या पाण्याचा मग उचलला आणि आपल्या पाठीवर ओतला. आपण दार सोडलंत आणि हिचे केस धरलेत. टाके घातलेल्या जागेवरच धरलेत, टाके उसवले. हिचं डोकं आपण भिंतीवर आपटणार होतात. एकदा आपटलंतही. भिंतीवरचा डाग पोलिसांनी फोटोत घेतलाय.

दुसऱ्यांदा आपटता आलं नाही, कारण माझ्या डाव्या हातात पत्र्याचा डबा होता. आत आपला जुना ब्रश, दोनशे दहा ग्रॅम. तो मी आपल्या तोंडावर मारला. सगळा जीव एकवटून मारला. आपला एक दात पडला, हे डॉक्टरांनी लिहिलंय आणि मी चौकीत स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. त्याची जी शिक्षा असेल ती मी घेईन. पश्चात्ताप मात्र झाला नाही, तो मागू नका. दुसरा फटका मारायच्या आत ड्रायव्हर जिना चढून आला आणि त्याने मला धरलं. आपल्याला नाही, मला. आपण तेव्हा जमिनीवर होतात.

आता निर्णय. ब्रशमध्ये दोष आढळला नाही. सरस शाबूत, गाठ शाबूत. हमी लागू होत नाही. टपालखर्च मिळणार नाही. जुना ब्रश आपल्या सहीच्या फॉर्मसह पोलिसांकडे जमा आहे. ब्रशला आपल्याशिवाय कोणी हात लावत नाही हे आपण स्वतः लिहून दिलंत, त्यामुळे पोलिसांचं बरंच काम वाचलं. नवा ब्रश आपल्याकडेच राहू द्या. तो हलका आहे आणि घरात आता मारायला कोणी नाही.

आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.

तक्रार विभाग

ताई म्हणतेय, कागदावर जागा उरलीय, तुला काही लिहायचं असेल तर लिही. ती चहा करायला गेलीय, एका हाताने. भांडी पाडण्याचा आवाज इथपर्यंत येतोय.

तीन वर्षांत मी मनातल्या मनात तुम्हाला किती लिहिलं असेल! आता एकही ओळ आठवत नाही.

तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलंत की ब्रशला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. पण तो रोज धुऊन, झटकून, खिळ्याला मीच टांगत होते. त्या दिवशीही डोक्याला फडकं बांधून मी तो धुवायला नळाखाली धरला होता. तुम्ही फॉर्म वाचत होतात. तिथूनच ओरडलात, धुवू नकोस, नियम आहे.

कड्यात काय अडकलंय ते मला दिसत होतं. मी नळ बंद केला.

तुमचं ऐकलेलं ते शेवटचं,
ब्रश धुणारी