एक जूनची नोंद

मी, भुवनेश्वरी रेवणप्पा कलशेट्टी, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, वय कागदोपत्री आज एकाहत्तर पूर्ण, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे. मूत्रपिंडं गेली, पण मृत्युपत्राला ती लागत नाहीत असं वकील म्हणतात. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट जिला द्यायचं आहे तीच घ्यायला तयार नाही.

‘कागदोपत्री’ का म्हणते ते आधीच सांगते. माझा जन्म श्रावणातला, असं आई सांगायची. पण पोराची तारीख घरात कुणाला ठाऊक नसली की गुरुजी सरळ एक जून टाकायचे आणि सहा वर्षं भरतील असं साल लिहायचे. निम्मा जिल्हा असा एक जूनला जन्मलेला आहे. पुढे मी बाई झाले आणि मीही तेच करत राहिले. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

कलम १. २०१६ साली केलेलं माझं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. त्यात मी घर विकून खेड्यापाड्यातल्या बुद्धिमान मुलांसाठी मोफत अभ्यासवर्ग काढावा असं लिहिलं होतं. आता तसं करू नये. पस्तीस वर्षं मी पाहिलं. कच्च्या मुलांसाठी जादा तास असतात, गैरहजर मुलांसाठी मोहीम असते, आणि हुशार पोराला आम्ही काय देतो? खडू आणायला पाठवतो, दुसऱ्यांच्या वह्या तपासायला देतो. "ते काय, आपलं आपण शिकेल." याच्याइतकं खोटं वाक्य शिक्षकांच्या खोलीत दुसरं नाही, आणि ते मीही शंभरदा म्हटलं आहे. मूल हेरायचं, त्याला तू वेगळा आहेस म्हणून सांगायचं, आणि मग वाऱ्यावर सोडायचं. हा उद्योग माझ्यामागे माझ्या पैशाने पुन्हा होऊ नये.

कलम २. पुतण्या नंदीश यास माझ्या आदर्श शिक्षिका पुरस्काराची ढाल द्यावी. घर त्याला मिळणार नाही. त्याच्या क्लासमध्ये टॅलेंट बॅच आहे. पाचवीच्या मुलांची परीक्षा घेऊन पहिली पन्नास निवडतो, आणि निकालानंतर चौकात त्यांचे फोटो लावतो. अरे बाबा, निवडलेल्यांना कोण शिकवू शकत नाही? तुझ्या परीक्षेपर्यंत पोचतच नाहीत त्यांचं बोल. ढाल पितळी आहे, चिंचेने घासावी.

कलम ३. पुस्तकं शाळेला देऊ नयेत. फाटतील म्हणून कपाटाला कुलूप लावतात आणि किल्ली हेडमास्तरांच्या घरी असते. गल्लीतल्या पोरांना वाटावीत, फाटली तर फाटली.

कलम ४. शुक्रवार पेठेतलं माझं दोन खोल्यांचं राहतं घर, पोटमाळ्यासह, मी म्हाळसाबाई ज्ञानबा हिला देते. ती कोण, हे नंदीशलाही नीट माहीत नाही, म्हणून लिहिते.

मोडनिंबपासून आत, एका वस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळेची मी मुख्याध्यापिका होते. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन चालायला लागतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. २००३ च्या जूनमध्ये शाळेशेजारच्या रानात ज्ञानबाने मेंढरं बसवली होती. मी तिसरीला फळ्यावर त्रेचाळीस अधिक एकोणचाळीस घातलं. वर्ग बोटं मोजत होता. दारातून आवाज आला, "चार विसा आन दोन."

ती त्याची मुलगी, म्हाळसा. नाक वाहतंय, अंगात भावाचा सदरा. धनगर मेंढरं विसाविसाने मोजतात, तसंच ती मोजत होती. मी म्हटलं, "बरं, नऊ विसांतली सात गेली तर?"

"कुटं गेली?"

"लांडग्याने नेली."

"मग आट विसा आन तेरा ऱ्हायली. पन कुत्री कुटं हुती तुमची?"

मी वेडी झाले, दुसरा शब्द नाही. इतक्या वर्षांत असं पोर पाहिलं नव्हतं. आईला वय विचारलं तर म्हणाली, दिवाळीच्या पाडव्याला झाली, सालपे घाटात, पाच वर्षं होतील औंदा. म्हणजे जन्म १९९८ चा. पहिलीला सहा पूर्ण लागतात. ज्ञानबा म्हणाला, "बाई, पुढल्या साली घाला की. घाई काय हाय?" घाई मला होती. पुढच्या साली हे इकडे आलेच नाहीत तर? मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: १ जून १९९७. त्या दिवशी एसटीत बसून मी सोलापूरपर्यंत एकटीच हसत आले होते.

तिसरीपर्यंत ती माझ्याकडे होती. मग दोन वर्षं कळपामागे गेली, सतत गैरहजर म्हणून नाव कापलं गेलं, मी रानोमाळ हिंडून पुन्हा आणली. पाचवीला हुशार ग्रामीण मुलांच्या निवासी शाळेची परीक्षा होती. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं सरकारचं. हिच्यासाठीच काढली असावी अशी शाळा. मी फॉर्म भरायला बसले. जन्म १ जुलै १९९७ नंतरचा हवा, असं छापलेलं होतं. अकरा वर्षांची पोर एका महिन्याने मोठी ठरली. तिने विचारलं, "बाई, म्या कवा मोटी झाली?" मी म्हटलं, जा, बाहेर खेळ.

तरी ती दहावीपर्यंत पोचली. २०१५ च्या जूनमध्ये, निकाल लागायच्या आधी, तिचं लग्न ठरल्याचं कळलं. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मी ग्रामसेवकाला फोन केला, पोलिसांना केला, आणि स्वतः एसटीने गेले. मांडव पडला होता. म्हाळसा मला बघून उठून उभी राहिली. तिला वाटलं, बाई आल्या, आता सुटले.

ग्रामसेवकाने दाखला मागवला. प्राथमिक शाळेचा, माझ्या सहीचा. त्याने वाचला आणि माझ्यापुढे धरला. "बाई, सोमवारीच अठरा पुरी झाली. अक्षर तर तुमचंच हाय."

मी म्हटलं, तारीख खोटी आहे, ती साडेसोळाची आहे, मीच लिहिली आहे.

"मग तसं लिहून द्या की. खोटी नोंद केली म्हणून. म्या आत्ता लगीन थांबवतो."

त्याने कागद दिला. पेनही दिलं. म्हाळसा माझ्याकडे बघत होती. आणि मला माझी पेन्शन दिसली, चौकशी दिसली, भिंतीवरची ती ढाल दिसली. मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हटलं, वकिलांना विचारून देते. नंतर अक्षता पडल्या. मी जेवायलाही थांबले नाही. तीन दिवसांनी निकाल लागला, गणितात ती केंद्रात पहिली आली होती.

कलम ५. घराबद्दल पुन्हा. गेल्या महिन्यात म्हाळसा कुर्डुवाडीहून मला बघायला आली. बरोबर मुलगी होती, सोनम, आठ वर्षांची. मी म्हटलं, हे घर तुला, हिला घेऊन इथं राहा, शहरात शिकव. ती म्हणाली, "घर नगं, बाई. तुमी तवा योक कागुद लिवला असता तर बास हुतं."

तेवढ्यात सोनमने भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगितलं की यंदा दिवाळीचा पाडवा बुधवारी येतोय, आणि पुढच्या वर्षी ती तारीख गुरुवारी येईल. कुणी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, केवढी हुशार..."

म्हाळसाने तिचा हात धरला आणि उठली. "बाई, पाया पडते तुमच्या. हिला हुशार म्हनू नका." चहा तसाच राहिला. त्यानंतर ती फोन उचलत नाही.

तरी घर तिलाच. विकून मेंढरं घेतली तरी चालेल. सोनमला शिकवावं अशी अट मी घालत नाही. अटी घालायचा अधिकार मी मांडवात गमावला. तिने नाकारलंच तर घर बंद राहू द्यावं, पण दारावर माझ्या नावाचा कसलाही वर्ग निघू नये.

कलम ६. मला आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे पुरावं. शोकसभा नको. ‘बाईंना हुशार मुलांची पारख होती’ असं कोणी बोलू नये. पारख होती, हे खरं आहे. तेच तिला भोवलं.

कलम ७. वरील ग्रामसेवकाने दिलेला कोरा कागद पर्समध्येच होता. तो या मृत्युपत्राला जोडला आहे. त्यावर आज लिहिलं आहे की, म्हाळसाबाई ज्ञानबा हिचा जन्म १९९८ च्या दिवाळीतल्या पाडव्याचा असून रजिस्टरातली १ जून १९९७ ही नोंद खोटी आहे आणि ती मी केली आहे. वकील म्हणाले, "बाई, आता याचा काही उपयोग नाही." मला माहीत आहे. त्याची एक प्रत म्हाळसाला पोचवावी. बाकी काही सांगू नये.

व्यवस्थापक म्हणून ॲड. शिवानंद यांना नेमते. ते माझेच विद्यार्थी, बेताचे होते, त्यामुळे आयुष्य सुरळीत गेलं.

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. डॉ. प्रियदर्शनी हत्तुरे, सोलापूर
२. अजिनाथ माळी, निवृत्त शिक्षक, मोडनिंब

सही: भुवनेश्वरी रेवणप्पा कलशेट्टी
स्थळ: शुक्रवार पेठ, सोलापूर
दिनांक: १ जून २०२५, रविवार. कॅलेंडर बघून लिहिली आहे. ही तारीख खरी आहे.