आज तारीख काय

असोदा.
तारीख शेवटी लिहिते.

चि. पुनम हीस कामिनीवहिनीचे आशीर्वाद.

तू आणि स्वप्नीलराव धुळ्यात मजेत असाल. इकडे आईंचे गुडघे होते तसेच आहेत, पण ऐकत कोण? काल पुन्हा माळ्यावर चढल्या होत्या. केळीला घड चांगले धरलेत. तुझ्या लाडक्या मांजरीने तुझ्याच खोलीत पिल्लं घातली आहेत आणि आता ती कोणाला आत येऊ देत नाही.

फोन असताना पत्र कसलं, असं म्हणशील. अगं, फोनवर मी 'कशी आहेस' विचारते, तू तिकडच्या लोकांसारखं 'बठ्ठं बरं शे, वहिनी' म्हणतेस, मी म्हणते, सगळं बरं तर बरंच, मग दोघी गप्प. मग तुझा कुकर वाजतो आणि तू फोन ठेवतेस. मागच्या वेळी कुकर वाजलाच नव्हता, मला कळलं बरं का. पत्र तसं मध्येच ठेवता येत नाही. मांजरीसाठी का होईना, पूर्ण वाच.

आधी कामाचं. तुझ्या त्या जुन्या लॅपटॉपचं.

हे गेल्यापासून आमच्या बचत गटाचे वेफर बंदच होते, तुला माहीत आहे. श्रावण तोंडावर आला तशी सुलक्षणाकाकू येऊन बसली. म्हणाली, 'कामिनी, उपासाचे वेफर आपन नई करायचे तं कोन करीन?' बाकीच्या बायकाही तयार झाल्या. कढई निघाली, तेल आलं, पाकिटं आली. राहिली लेबलं. ती हेच करायचे आणि मी बाजूला बसून नावं ठेवायचे. जुना प्रिंटर इतके महिने पडून वाळून गेला होता. गटाने नवा आणला, तर लॅपटॉप त्याला ओळखच देईना. तू म्हणालीस, याचं पॅकेज रिपॉझिटरीतून घ्यावं लागेल, आधी अपडेट मार. मारलं. एरर आला.

आईंनी विचारलं, रिपॉझिटरी म्हणजे काय व? मी म्हटलं, कोठार. दूर कुठेतरी मोठं कोठार आहे, लॅपटॉप तिथून सामान मागवतो. 'मंग देत काहाले नई ते?' झालं, दिवसभर हाच प्रश्न.

का देत नव्हतं ते तू शोधलंस. लॅपटॉपमधल्या सिस्टिमची आवृत्ती जुनी झाली, तिचं सामान जुन्या कोठारात हलवलं, आणि आपला लॅपटॉप बिचारा अजून पहिल्याच पत्त्यावर हाका मारत होता. तू पाठवलेली ओळ मी त्या फाइलमध्ये जशीच्या तशी टाकली. टिंबाच्या जागी स्वल्पविराम पडला, पुन्हा टाकली. मग पडद्यावर आलं की चावी मिळत नाही. मी ते मोठ्याने वाचलं आणि आई आतून कमरेचा जुडगा सोडूनच घेऊन आल्या. 'चावी नई म्हनते का? मंग हे घे ना. कपाटाची बी हाये तिच्यात.' पुनम, इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा हसले. आणि हसू आलं म्हणून माझाच राग आला.

चावीचीही ओळ तू पाठवलीस, तेही भागलं. तरी एरर राहिलाच, आणि तू म्हणालीस, 'वहिनी, फॉरमॅट मारून टाक. रविवारी पेन ड्राइव्ह पाठवते, अर्ध्या तासात नवं होईल.' मी चिडून फोन ठेवला. माझा तर कुकरही नव्हता.

तुझी चूक नाही. तो शेवटचा एरर मी तुला अर्धाच वाचून दाखवला होता. पूर्ण असा होता, माझ्या मराठीत सांगते: कोठाराची यादी मिळाली, पण ती अजून लागू झालेली नाही, लागू व्हायला अजून इतके दिवस आहेत. आणि पुढे दिवसांचा भला मोठा आकडा. तुला हे वाचून दाखवलं असतं तर तू तिथल्या तिथे म्हणाली असतीस, घड्याळ बघ.

घड्याळ मी बघितलं होतं. लॅपटॉप उघडल्या दिवसापासून बघत होते. खाली कोपऱ्यात रोज एकच तारीख असायची, एक जानेवारी दोन हजार पंधरा. आतला सेल मेलेला, बंद केला की तो सगळं विसरतो आणि सकाळी पुन्हा तिथूनच सुरू होतो. आपोआप वेळ घेणारं जे काही असतं ते तूच काढून टाकलं होतंस, हलकं व्हावं म्हणून. मला तारीख कशी बदलतात ते ठाऊक होतं. एक ओळ तर लिहायची. मी लिहिली नाही.

वेड लागलं नव्हतं मला. पण तूच बघ, त्या तारखेला मी रावेरला होते, बाबांच्या केळीच्या शेडमध्ये माणसांना चहा नेऊन देत होते. तुझा भाऊ नावाचा माणूस मला माहीतही नव्हता. मला बघायला यायचे होते, तू सोबत येऊन चार घास पोहे जास्त खायची होतीस, मे महिन्यात लग्न व्हायचं होतं. सगळं व्हायचं होतं. आणि वर ते यंत्र स्पष्ट सांगत होतं, अजून नाही. म्हणजे संक्रांतीच्या आधीचा तो दिवसही अजून नाही. बॉक्स पोहोचवून हे जळगावहून मोटारसायकलवर निघालेले नाहीत. दवाखान्याच्या दारात मला कोणी 'तुम्ही त्यांच्या कोण' असं विचारलेलं नाही. रोज दुपारी आई आडव्या झाल्या की मी लॅपटॉप उघडून त्या कोपऱ्याकडे बघत बसायचे. तुला सांगायची लाज वाटली म्हणून अर्धंच वाचलं.

पण गटाला लेबलं तर हवी होती. मी ती पेन ड्राइव्हवर घेऊन बस स्टँडजवळच्या हिलालभाऊंच्या दुकानातून छापून आणली. बायकांनी बसून चिकटवली, बॉक्स जळगावला गेले. दोन दिवसांनी दुकानदाराचा फोन, 'ताई, वेफर ताजे आहेत, मी खाऊन बघितले. पण पाकिटावर पॅकिंगची तारीख दहा वर्षांपूर्वीची आहे. गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकून मारेल.' लेबलावर तारीख लॅपटॉपची आपोआप पडते, पुनम. छापताना मी पाहिलं नाही, चिकटवताना कोणी पाहिलं नाही. सगळे बॉक्स परत आले. सुलक्षणाकाकू ओसरीत बसून नखांनी लेबलं खरवडत राहिली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी मी हिलालभाऊंकडे गेले आणि लॅपटॉपच्या घड्याळाचा सेल मागितला. ते म्हणाले, 'वहिनी, हितेंद्रभाऊंनी तर मागेच नेला होता. ते काय, परवापरवाची गोष्ट नाही, दोन वर्षं झाली. बसवला नाही का?'

घरी येऊन लॅपटॉपची बॅग उपसली. यांनी नेलेला सेल मागच्या कप्प्यात होता. पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं.

तुला आठवतं, तू सुटीला आलीस की सकाळी काय चालायचं? हे लॅपटॉप उघडून ओरडायचे, 'आई, आज तारीख काय?' आई हातातलं टाकून कॅलेंडरपाशी जायच्या, चष्मा शोधायच्या, आणि तारीख सोडून तिथी सांगायच्या. हे म्हणायचे, 'आई, याला एकादशी कळत नाही, आकडा सांग.' मग आई त्या यंत्राला दोन शब्द सुनवायच्या. मला वाटायचं, मायलेकांची थट्टा चालली आहे. तो माणूस रोज आईंना विचारून तारीख भरत होता. सेल पाच मिनिटांत बसला असता. मग आईंना सकाळी कोणी काय विचारलं असतं? मामंजी, आपले नाना, गेल्यापासून घरात त्यांना विचारून होणारं एवढं एकच काम उरलं होतं, आणि ते यांनी जपून ठेवलं होतं. मी एकाच घरात राहून ते ओळखलं नाही.

मी लॅपटॉप उघडला. एक जानेवारी दोन हजार पंधरा. आई मागच्या दारी समया घासत बसल्या होत्या. शेवटी ओरडले, 'आई, आज तारीख काय?'

घासण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, आता उठतील, कॅलेंडरपाशी जातील, किंवा रडतील. त्या जागच्या हलल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, 'चोवीस. जुलै चोवीस. गुरुवार, दिव्याची आवस.' आणि पुन्हा समई घासायला घेत, 'रोज पाहून ठेवते मी. कोनी इचारतच नई.'

मी तारीख टाकली. एंटर दाबलं. कोपऱ्यातली दहा वर्षं एका झटक्यात गेली, पुनम. मी रावेरची राहिले नाही. हे आले, राहिले आणि गेले, सगळं त्या एका बोटाखाली झालं. अपडेट मारलं तशा ओळी सरसर वर सरकल्या, एकही एरर नाही. प्रिंटर ओळखला गेला. पहिलं लेबल निघालं ते आईंनी राखेच्या हातांनीच उचललं, तारखेवर बोट ठेवून वाचलं, म्हणाल्या, 'बराबर हाये.' मग आम्ही दोघी तिथेच खाली बसलो आणि पोटभर रडलो. अशा आम्ही त्या दिवशीही रडलो नव्हतो.

पेन ड्राइव्ह पाठवू नकोस. सेल मी पाकिटासकट परत कप्प्यात ठेवला आहे, तोही बसवणार नाही. उद्यापासून रोज विचारायचं ठरवलं आहे. पण माझा आवाज बारीक, आईंना मागच्या दारी नीट पोचत नाही. तुझा भावासारखाच खणखणीत आहे. घराकडे बघवत नाही म्हणतेस, मलाही बघवत नाही, तरी एकदा येऊन सकाळी तू हाक मार. इथे बठ्ठं बरं नाही, पुनम.

तुझीच,
कामिनीवहिनी

गुरुवार, २४ जुलै २०२५, दिव्याची अमावास्या.
आईंना विचारून लिहिली आहे.