आठ जणांचा एक वाढदिवस

औसा, मंगळवार

ती. स्व. शेषेरावदाजींच्या चरणी धाकटा मेहुणा गुरुलिंग याचे शरणार्थ.

तुमचे गुडघे, दारातली जर्सी गाय आणि आक्काची शुगर, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. (क्रम चुकला असेल तर आक्काने रागावू नये.) फोनवरच विचारलं असतं, पण तुम्ही माझा नंबर ब्लॉक केल्याला आज आठ दिवस झाले. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय सरकारने अजून काढलेली नाही, म्हणून हे पत्र. चुलीत घालायच्या आधी शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

आधी चूक कबूल करतो. विम्याची कामं सांभाळून मी पेपरला बातम्या पाठवतो, हे तुम्ही लग्नाकार्यात पाहुण्यांना हसत हसत सांगताच. त्या दिवशी संपादकांना सोमवारच्या अंकासाठी एक फोटो हवा होता आणि मी तुमच्या गावावरून चाललो होतो. पंचायतीच्या ओट्यावर आठ पोरंपोरी माना खाली घालून बसलेली, एकेकाच्या हातात दोन-दोन मोबाईल. मी गाडीवरूनच फोटो काढला आणि घरी येऊन 'मोबाईलच्या विळख्यात खेड्यातली तरुणाई' असा मथळा ठोकून दिला. खाली व्यसन, संस्कार, पालकांचं दुर्लक्ष, सगळं आलं. (हा मजकूर मी दर वर्षी वापरतो, फक्त गावाचं नाव बदलतो.) त्यातली तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली पोरगी म्हणजे आपली पूनम, हे मला कळलंच नाही. सख्खी भाची! पण उन्हात आपल्या भागातल्या सगळ्याच पोरी डोळ्यांपुरत्या उरतात, त्याला मी काय करू?

तुम्हाला मात्र कळलं, कारण तो स्कार्फ तुम्हीच तिला लातूरहून आणला होता. सरपंचाची पोरगी पेपरात, आणि तीही अशी! तुम्ही तिचा फोन काढून घेतलात. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण पंचायतीची जी जुनी खोली ग्रामसभेने या पोरांना अभ्यासिका म्हणून द्यायचं ठरवलं होतं, तिलाही कुलूप घालून किल्ली करदोट्याला अडकवलीत. खोली दिली तर आत बसून हेच करतील, असं म्हणालात म्हणे. दाजी, त्या खोलीवर पोरांचा फार जीव होता हो. दोघं पोलीस भरतीची तयारी करतात, पूनम तलाठ्याच्या परीक्षेची. घरात टीव्ही, म्हशी आणि पाहुणे, अभ्यास करायचा कुठं? भिंतींना चुना त्यांनीच मारला होता.

खरा प्रकार मला कस्तुराबाईंनी सांगितला. तुमच्याच गावच्या, सत्तरीच्या बाई, तीन एकर सोयाबीनच्या धनीण. पेपर हातात घेऊन थेट औशाला माझ्या दारात उभ्या. "लेकरं सकाळधरनं माझ्या रानात उभी व्हती, तवा कुठं माझा पेरा सरकारात गेला. आन् तू त्यांलाच बिघडलेली म्हंतूस व्हय रे? लई अक्कल हाय तर तू भरून दाव." म्हणजे पोरं सरकारी ॲपवर शेतकऱ्यांच्या पिकांची नोंद, ती ई-पीक पाहणी, भरत होती! शेतात जाऊन पिकाचे फोटो काढायचे आणि रेंज फक्त ओट्यावर येते म्हणून तिथं बसून पाठवायचे. एक फोन स्वतःचा, दुसरा ज्याच्या फोनवर ओटीपी येणार त्या शेतकऱ्याचा. एकशे बारा जणांचं काम त्यांनी असं फुकट केलं होतं. मी ईर्षेने बाईंच्या शेजाऱ्याच्या रानात जाऊन एकाचं भरून पाहिलं. दीड तास लागला, आणि शेवटी सोयाबीनच्या जागी नारळाची बाग लागली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग खुलासा छापायला निघालो. संपादक म्हणाले, खुलाशाने पेपरची अब्रू जाते. आणि आपल्याकडे तरुण पोरं छापायची ती गुन्ह्यात, निकालात नाहीतर वाढदिवसात. यांना कशात टाकू ते सांग. गुन्हा मी आधीच छापला होता, निकालाला अवकाश होता. मी वाढदिवस निवडला. आठांचे फोटो, वर 'हार्दिक शुभेच्छा' आणि खाली बारीक अक्षरांत त्यांच्या कामाची सगळी हकीकत. मला वाटलं, लोक वाचतील. लोक फोटो बघतात, दाजी! सकाळी दहापासून तुमच्या गावात शाली आणि केक यायला लागले. आठ जणांचा वाढदिवस एकाच दिवशी कसा, असं एकानेही विचारलं नाही. (बरोबरच आहे, शाळेच्या कृपेने गावातले निम्मे म्हातारे एक जूनलाच जन्मलेत.) पण संध्याकाळी एसटी स्टँडवरच्या हुशार मंडळींनी अर्थ काढला: आठ फोटो, मधोमध पूनम, निवडणूक तोंडावर, म्हणजे तरुणांचं पॅनल ठरलं! आपल्याकडे कारणाशिवाय कुणाचा वाढदिवस पेपरात येत नाही, हेही खरंच. तुमचाही मागे निवडणुकीच्या आधीच आला होता.

तेव्हा शपथेवर सांगतो, पॅनल वगैरे काही नाही. 'घरातच विरोधक पोसला' असं तुम्ही हॉटेलात म्हणालात, ते ऐकून पूनम दोन दिवस जेवली नाही. त्या पोरांना तुमची खुर्ची नको, बसायला खोली हवी आहे. आणि एक चांगलं घडलंय तेही ऐका. शाली घेऊन आलेल्यांतले चार म्हातारे परत गेलेच नाहीत, सातबारा काढून ओट्यावर रांगेत बसले. हेच चौघं गेली वीस वर्षं पोरं वाया गेली म्हणत होते. आता पोरांना चहा पाजतात आणि शेजारच्या गावातल्यांना रांगेत घुसू देत नाहीत. माझ्या सगळ्या बातम्यांनी झालं नाही ते एका ओट्याने केलं. मला फार बरं वाटलं.

आक्काला नमस्कार, गाईला चारा.

आपला (अजून मानत असाल तर) मेहुणा,
गुरुलिंग

ता. क. : पत्राचं खरं कारण, खोलीची किल्ली. पोरीच्या हातात द्यायला कमीपणा वाटत असेल तर कस्तुराबाईंकडे द्या.

ता. क. २ : पूनमचा फोन मात्र आजच द्या. पीक पाहणीची मुदत चार दिवसांनी संपते आणि यादीत सत्तावीस जण राहिलेत. त्यात एक शेषेराव सरपंच आहेत.

ता. क. ३ : पाकीट बंद करताना पूनम आली आणि तिने पत्र वाचलं. म्हणाली, "मामा, पॅनलचं आमच्या डोक्यातबी नव्हतं. पेपर बघून सुचलं. मी औंदा एकवीसची झाले. बाबांनी किल्ली दिली तर बसून अभ्यास करू, न्हाई दिली तर अर्ज भरू." म्हणजे वर शपथेवर लिहिलेलं खोडावं लागेल, पण शाई वाळली आहे. इतकी वर्षं घडलेलं चुकीचं छापत आलो. चुकीचं छापलेलं घडतंय हे पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगतो, छाती भरून आली. तेव्हा दाजी, किल्ली जरूर द्या, पण अर्ज भरायची तारीख उलटल्यावर द्या. आक्काचंही हेच मत आहे, फक्त ते तुम्हाला कळवू नको म्हणाली आहे.