भट्टी सोडता येत नाही

तीर्थरूप पप्पांना जर्मनीहून प्रितीचा जयभीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. मी ठणठणीत आहे, आईचा मसाला अजून पुरतोय. भोईवाड्यात लग्नाचा मांडव पडला का?

आधी खूशखबर. भट्टीत आठशे डिग्रीला कार्बन डायऑक्साइड फोडायला मी नवा उत्प्रेरक केलाय. आधीचे सगळे दहा दिवसांत काजळी धरून बंद पडायचे. हा चाळीस दिवस झाले तरी चालतोच आहे. सगळे खूश आहेत.

पण तो किती दिवस टिकतो ते मोजायचंय, म्हणून तो बंद पडेपर्यंत भट्टी थंड करता येत नाही; केली तर तो ज्या चकतीवर लावलाय तिला तडा जातो. तुम्हाला काय सांगायचं! आणि तिच्या खोडी फक्त मला ठाऊक, म्हणून प्रोफेसर मला सोडत नाहीत. आपल्या धाकट्या हर्षूच्या लग्नाला मी येत नाही, पप्पा. रोज सकाळी उत्प्रेरकाचे आकडे बघताना मनात म्हणते, आज तरी मर मेल्या. माझ्याच हातचा तो!

ताईच्या लग्नाला तुम्ही हॉस्पिटलचा बॉयलर सोडून आला नाहीत, तेव्हा मी वर्षभर तुमच्याशी बोलले नव्हते.

त्या दिवशी तुम्ही जेवला होतात का हो?

तुमची,
प्रिती